प्रतिकाराला आवर

करोनाच्या साथीपासून मराठी घरांत एक वाक्य मुक्कामालाच आलं आहे : प्रतिकारशक्ती वाढवायला हवी. काढ्यांच्या पुड्या, च्यवनप्राशाच्या बरण्या, गोळ्यांच्या बाटल्या या सगळ्यांच्या वेष्टनांवर तेच आश्वासन छापलेलं असतं. त्यामागचं गृहीतक मात्र फारसं कुणी तपासत नाही. प्रतिकारशक्ती ही एकच एक राशी आहे, ती कमी असली की माणूस आजारी पडतो आणि जास्त असली की सुरक्षित राहतो, असं ते गृहीतक. शरीराचा कारभार या हिशेबाने चालत नाही. आपल्या संरक्षणाची मोठी जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर हल्ल्याला चालना देणारे रेणू असतात, तसेच हल्ला रोखणारेही असतात. आमवात, टाइप-१ मधुमेह, थायरॉइडचे काही विकार हे आजार प्रतिकार कमी पडल्यामुळे जडत नाहीत. तो भलत्या जागी आणि भलत्या वेळी झाल्यामुळे जडतात. या प्रकरणाचं म्हणणं असं, की थांबता येणं हा प्रतिकारशक्तीचा दुबळेपणा नव्हे, तो तिच्या सामर्थ्याचाच अर्धा भाग आहे. हे एकदा मान्य केलं, की कर्करोगावरच्या नव्या उपचारांकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. ते मराठवाड्यातल्या रुग्णाला किती मात्रेत आणि काय किमतीत मिळावेत, या प्रश्नाकडेही.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा असलेल्या या रुग्णालयात मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि शेजारच्या भागांतूनही रुग्ण येतात. त्यांत तंबाखू, मावा, गुटखा यांच्या सवयीतून तोंडाचा कर्करोग झालेले पुष्कळ असतात. अशा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कर्कपेशींच्या अवतीभोवती अनेकदा लिम्फोसाइट पेशींची गर्दी दिसते, आणि त्यांत टी-पेशीही असतात. म्हणजे शरीराला काहीतरी बिघडल्याचा सुगावा लागलेला आहे. तंबाखूने कर्कपेशींच्या जनुकांत असंख्य बदल घडवलेले असतात, त्यांतून तयार झालेली काही प्रथिनं शरीराला अनोळखी असतात, आणि टी-पेशींना ती ओळखता येतात. तरीही गाठ वाढत राहते. टी-पेशी तिथवर पोचल्या आहेत, शत्रूशेजारी उभ्या आहेत आणि काहीच करत नाहीत. कर्करोग ही आपल्याच पेशींची बंडाळी असल्यामुळे प्रतिकारयंत्रणा तिला परकं मानत नाही, असं उत्तर कित्येक दशकं दिलं गेलं. ते अपुरं होतं. ओळख पटल्यावरही टी-पेशीला कुणीतरी थांबवतं, हे त्या उत्तरात नव्हतं.

टी-पेशी कामाला कशी लागते, ते आधी पाहू. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो. ग्राही म्हणजे बाहेरचा विशिष्ट रेणू पकडून आत संदेश पोचवणारं प्रथिन. आणि तो पकडला जाणारा रेणू म्हणजे लिगँड. जंतूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा एखादा तुकडा या ग्राहीत बसला, की टी-पेशीला पहिला संदेश मिळतो. पण तेवढ्याने ती हलत नाही. बँकेचा लॉकर उघडायला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, तसा तिला दुसराही संदेश लागतो. तो सीडी-२८ या ग्राहीमार्फत येतो. लसिका ग्रंथींतल्या विशेष पेशी जंतूंची चाहूल लागल्यावर आपल्या अंगावर बी-७ कुळातले लिगँड, म्हणजे सीडी-८० आणि सीडी-८६, मोठ्या संख्येने आणतात. सीडी-२८ त्यांना जोडला गेला, की टी-पेशी जागी होते आणि भराभर विभागू लागते. आणि नेमक्या याच वेळी तिच्या पृष्ठभागावर आणखी एक ग्राही येऊ लागतो : सीटीएलए-४. तो सीडी-२८ चा जवळचा नातलग आहे आणि त्याच लिगँडांना जोडतो, पण कितीतरी अधिक घट्टपणे. त्यामुळे सीडी-२८ च्या वाट्याला लिगँड उरत नाहीत. एवढंच नाही, तर सीटीएलए-४ समोरच्या पेशीवरचे बी-७ रेणू ओढून घेऊन गिळून टाकतो, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. चालना मिळताच आवर घालणाऱ्याचीही नेमणूक होते, आणि तीही त्याच पेशीकडून.

सीटीएलए-४ चं जनुक १९८७ साली फ्रान्समध्ये सापडलं, तेव्हा त्याचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. सीडी-२८ शी असलेलं साम्य पाहून तोही चालना देणाराच असावा, असं काहींचं मत होतं. १९९०च्या दशकाच्या मध्यावर जेफ्री ब्लूस्टोन आणि जेम्स ॲलिसन या अमेरिकी संशोधकांच्या गटांनी तो उलट काम करतो असं प्रयोगांनी दाखवलं, तरी वाद मिटला नव्हता. तो मिटवला उंदरांनी. १९९५ साली दोन स्वतंत्र गटांनी सीटीएलए-४ चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते जन्मतः धडधाकट दिसत, पण तीन-चार आठवड्यांत मरत. त्यांच्या टी-पेशी बेसुमार वाढून हृदय, स्वादुपिंड आणि इतर अवयवांत घुसलेल्या असत. हे उंदीर कुठल्याही साथीने मेले नव्हते. स्वतःच्या संरक्षणयंत्रणेने मेले होते. माणसातही हे खरं आहे, याचा पुरावा २०१४ साली मिळाला. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच धड असलेली कुटुंबं वैद्यकाला सापडली. त्यांतल्या अनेकांना आतड्यांचे, फुप्फुसांचे आणि रक्तपेशींचे स्वयंप्रतिकारी विकार होते. अर्धा आवर गेला, तरी एवढी किंमत मोजावी लागते.

दुसरा ग्राही पीडी-१. क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो आणि त्यांचे सहकारी पेशी मरताना कोणती जनुकं जागी होतात याचा शोध घेत होते, आणि १९९२ साली त्यांना हा रेणू मिळाला. पेशीच्या मरणाशी त्याचा थेट संबंध नाही, हे पुढे स्पष्ट झालं. पीडी-१ नसलेले उंदीर सीटीएलए-४ नसलेल्या उंदरांसारखे लगेच मरत नाहीत. एका जातीच्या उंदरांना वय वाढेल तसा सांध्यांचा आणि मूत्रपिंडांचा दाह होतो. दुसऱ्या जातीचे उंदीर हृदयाच्या विकाराने दगावतात. या फरकात दोन ग्राहींच्या कामाची वाटणी दिसते. सीटीएलए-४ मुख्यतः लसिका ग्रंथींत, हल्ल्याच्या तयारीच्या वेळी आवर घालतो. पीडी-१ नंतर येतो, आणि प्रत्यक्ष ऊतींमध्ये, म्हणजे फुप्फुसात, यकृतात, तोंडाच्या अस्तरात, टी-पेशी कामाला लागलेल्या असताना त्यांना थोपवतो. त्याचे लिगँड दोन : पीडी-एल१ आणि पीडी-एल२. लिगँड जोडला गेला, की पीडी-१ पेशीच्या आतल्या अंगाला एसएचपी-२ नावाचं विकर खेचून आणतो आणि ते विकर चालनेचे संदेश, विशेषतः सीडी-२८ कडून आलेले, पुसून टाकतं. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात, आणि त्या रसायनाने आजूबाजूच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ आणतात. हल्ला जितका तीव्र, तितका त्याला होणारा विरोध वाढतो. निरोगी ऊतीला वाचवणारी ही व्यवस्था आहे. गरोदर उंदरांत पीडी-एल१ रोखलं, तर आईची टी-पेशी पोटातल्या गर्भालाच परकं मानून नाकारते, असंही आढळलं आहे.

इथे एक सरळ आक्षेप येतो. हे रेणू शरीराचे रक्षक असतील, तर मग ते जंतूंच्या पथ्यावर कसे पडतात? पडतात, हे खरंच आहे. मूळ हैदराबादचे आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद यांच्या गटाने दीर्घकाळ विषाणू अंगात मुरलेल्या उंदरांचा अभ्यास केला. अशा उंदरांतल्या टी-पेशी विषाणू ओळखत होत्या, पण थकल्यासारख्या निष्क्रिय होत्या आणि त्यांच्या अंगावर पीडी-१ दाटलेला होता. २००६ साली या गटाने दाखवलं, की पीडी-१ आणि पीडी-एल१ यांची जोडी तोडली, तर त्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि विषाणू कमी होतात. एवढ्यावर थांबलं, तर निष्कर्ष सोपा निघतो : आवर काढा, संसर्ग जाईल. क्षयरोगाने हा निष्कर्ष मोडून काढला. पीडी-१ नसलेल्या उंदरांना क्षयाचे जंतू दिले, तेव्हा ते साध्या उंदरांपेक्षा लवकर मेले. त्यांच्या टी-पेशी कमी नव्हत्या, उलट अनावर होत्या. फुप्फुसांचा नाश दाहाने केला आणि जंतूही अधिक वाढले. माणसातला पुरावा त्याहून बोलका आहे. पीडी-१ जन्मतःच नसलेल्या एका मुलाला क्षयरोग आणि स्वयंप्रतिकारी आजार दोन्ही जडल्याची नोंद २०२१ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आली. कर्करोगासाठी पीडी-१ रोखणारं औषध घेत असताना दबलेला क्षय उफाळून आल्याच्या नोंदीही आहेत. ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या अंगात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत आहेत, तिथे हा तपशील तळटीपेत टाकण्यासारखा नाही. म्हणजे आक्षेपाचं उत्तर असं : जंतू या व्यवस्थेचा गैरफायदा घेतात हे खरं, पण म्हणून ती व्यवस्था मोडीत काढणं हा उपाय होत नाही.

आवर न काढता चालनाच वाढवली तर? याचं उत्तर लंडनमध्ये मिळालं आणि ते भयानक होतं. मार्च २००६ मध्ये नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन-१४१२ नावाचं प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना प्रथमच टोचण्यात आलं. ते सीडी-२८ ला थेट जागं करत असे. पहिल्या संदेशाचीही त्याला गरज नव्हती. प्राण्यांवरच्या चाचण्यांत धोका दिसला नव्हता. काही तासांतच सहाही जणांच्या शरीरांत दाहक रसायनांचं वादळ उठलं आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. ते वाचले, पण कुणाची इजा किरकोळ नव्हती. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा इतका शुद्ध प्रयोग दुसरा झालेला नसेल. त्याच्या अगदी उलट टोकाला ॲबाटासेप्ट हे औषध उभं आहे. सीटीएलए-४ चाच बाहेरचा भाग घेऊन ते बनवलेलं आहे. तो बी-७ रेणू अडवून धरतो आणि टी-पेशींना दुसरा संदेश मिळू देत नाही. २००५ पासून ते आमवातावर वापरलं जातं. एकच रेणू. तो रोखला तर कर्करोगावरचं औषध होतं, तो बाहेरून पुरवला तर आमवातावरचं. यापैकी कोणत्या रुग्णाची प्रतिकारशक्ती 'चांगली' आणि कोणाची 'वाईट', असा प्रश्नच इथे निरर्थक ठरतो. विचारायचं ते असं, की या अवयवात, या घडीला हल्ला हवा की विराम.

ही पार्श्वभूमी असली, की गाठीतल्या निष्क्रिय टी-पेशींचं कोडं सुटतं. टी-पेशी कर्कपेशीवर हल्ला सुरू करते, इंटरफेरॉन-गॅमा सोडते, आणि कर्कपेशी इतर कुठल्याही पेशीप्रमाणेच पीडी-एल१ अंगावर आणते. काही कर्करोगांत जनुकीय बिघाडामुळे ते कायमच चालू असतं. कर्करोगाने नवी युक्ती शोधलेली नसते; निरोगी ऊतीला वाचवणारी जुनी सोय त्याने वापरलेली असते. ॲलिसन यांनी १९९६ साली सीटीएलए-४ रोखणारं प्रतिपिंड देऊन उंदरांतल्या गाठी नाहीशा होतात असं दाखवलं. औषध कंपन्यांनी सुरुवातीला फारसा उत्साह दाखवला नाही, कारण तोवर कर्करोगाचं औषध म्हणजे कर्कपेशीला मारणारं औषध अशीच समजूत होती. हे प्रतिपिंड तर कर्कपेशीला स्पर्शही करत नव्हतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पसरलेल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या, रुग्णांचं मध्यगा आयुष्य सीटीएलए-४ रोखणाऱ्या इपिलिमुमॅब या प्रतिपिंडाने ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. हा आकडा लहान वाटतो. पण पुढे १,८०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे एक पंचमांश रुग्ण तीन वर्षांनंतरही हयात होते आणि त्यानंतर मृत्यूचा आलेख जवळजवळ सपाट होत होता. पसरलेल्या मेलॅनोमात असं कधी पाहिलं गेलं नव्हतं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पीडी-१ रोखणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब आली, आणि २०१८ चं वैद्यकाचं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना विभागून देण्यात आलं.

कर्करोगाला इतक्या सहज वापरता येईल अशी फट उत्क्रांतीने ठेवलीच का, असाही एक आक्षेप घेतला जातो. तो घेताना दोन्ही बाजूंचे धोके सारखे मानलेले असतात, आणि तिथेच तो चुकतो. बहुतेक कर्करोग उतारवयात, मुलंबाळं झाल्यावर होतात. अनावर दाहाने होणारं नुकसान मात्र बाळपणापासून, प्रत्येक तापात, प्रत्येक जखमेत, प्रत्येक गरोदरपणात होऊ शकतं. ज्यांच्या टी-पेशींना थांबता येत नव्हतं, त्यांची पुढची पिढी आलीच नाही. या हिशेबात वार्धक्यातल्या कर्करोगाचा धोका हा परवडणारा धोका होता. माणसाचं आयुर्मान वाढलं आणि तंबाखूसारख्या सवयींनी कर्करोग चाळिशीच्याही आधी आणून ठेवला, तेव्हा तो हिशेब आपल्याला महाग पडू लागला. हा दोष रेणूंचा म्हणता येणार नाही.

मग कर्करोगाच्या रुग्णात तरी सगळेच आवर एकदम का काढू नयेत? हा प्रयत्न झाला आहे. मेलॅनोमात सीटीएलए-४ आणि पीडी-१ दोन्ही रोखल्यावर परिणाम नक्कीच वाढला. दहा वर्षांनंतरही त्या गटातले ४३ टक्के रुग्ण हयात होते. मात्र त्याच गटात सुमारे ५९ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले : आतड्याचा दाह, यकृताचा दाह, अंतःस्रावी ग्रंथींचे बिघाड आणि क्वचित हृदयस्नायूचा जीवघेणा दाह. ही यादी सीटीएलए-४ आणि पीडी-१ गमावलेल्या उंदरांच्या आजारांशी ताडून पाहिली, तर आश्चर्य वाटायचं कारण उरत नाही. दरम्यान आणखी रोखणारे ग्राही हाती आले : १९९० मध्ये लॅग-३, २००२ मध्ये भारतीय वंशाचे विजय कुच्रू यांच्या गटाने शोधलेला टिम-३, २००९ मध्ये टिजिट. यांतला लॅग-३ रोखणारं रेलाटलिमॅब निव्होलुमॅबसोबत मेलॅनोमासाठी २०२२ मध्ये मान्य झालं. टिजिट रोखणाऱ्या टिरागोलुमॅबवर मोठ्या आशा होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत ते रुग्णांचं आयुष्य वाढवू शकलं नाही. प्रत्येक ग्राही वेगळ्या जागी, वेगळ्या लिगँडला, वेगळ्या कामासाठी जोडला जातो. म्हणून एकाच्या यशावरून दुसऱ्याचं भाकीत करता येत नाही, आणि 'जितके अधिक रोखू तितकं चांगलं' हे तत्त्व इथेही टिकत नाही.

आता तोंडाच्या कर्करोगाकडे येऊ. महाराष्ट्रात कर्करोगाची नोंद ठेवण्याची परंपरा जुनी आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली, आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, बीड या भागांच्याही नोंदी राष्ट्रीय अहवालांत येतात. पुरुषांत तोंडाचा कर्करोग वरच्या क्रमांकांवर, हे चित्र या नोंदींतून पुन्हापुन्हा समोर येतं. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखू आणि सुपारीची सवय सुटलेली नाही. यातले बरेच रुग्ण उशिरा येतात, आणि शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर आजार उलटलेल्यांपुढे पर्याय थोडे उरतात. अशाच, म्हणजे प्लॅटिनमयुक्त औषधांनंतरही डोकं-मान भागातला कर्करोग उलटलेल्या रुग्णांवर निव्होलुमॅबची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. गाठ लक्षणीय आकसलेल्या रुग्णांचं प्रमाण मात्र १३.३ टक्केच होतं. फायदा खरा आहे, सगळ्यांना नाही, आणि किंमत प्रचंड. या आजारासाठी जगात मान्य झालेले असे उपचार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अवघ्या १ ते ३ टक्के रुग्णांपर्यंत पोचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांवर गेली, तरी पूर्ण मात्रेत दीर्घकाळ चालणारा हा उपचार अशा मर्यादेत बसवणं अवघड आहे.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी इथेच वेगळा प्रश्न विचारला : इतकी मात्रा मुळात लागते का? निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहा आठवड्यांत ७२० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, म्हणजे सहा आठवड्यांत ४०, इतकंच द्यायचं ठरवलं. प्रचलित मात्रेचा अठरावा हिस्सा. हा अंदाज हवेतला नव्हता. औषध कर्कपेशीला मारणारं असेल, तर मात्रा वाढवली की मारा वाढतो. ग्राहीवर जाऊन बसणाऱ्या प्रतिपिंडाचं तसं नसतं. ग्राही भरले, की वर ओतलेलं औषध नुसतं रक्तात फिरत राहतं. निव्होलुमॅबच्या अगदी पहिल्या चाचण्यांत रक्तातल्या टी-पेशींवरचे ७० टक्क्यांहून अधिक पीडी-१ रेणू दोन महिने आणि त्याहून जास्त काळ व्यापलेले आढळले होते, आणि वजनाच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा बदलली तरी त्यात फारसा फरक पडत नव्हता. टाटाच्या चाचणीत १५१ रुग्ण होते. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं, दुसऱ्याला तीच औषधं अधिक अल्पमात्रेतलं निव्होलुमॅब. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के, मध्यगा आयुष्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिने झालं. गंभीर दुष्परिणाम दुसऱ्या गटात वाढले नाहीत : ५० टक्क्यांच्या जागी ४६.१ टक्के. हे निष्कर्ष २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आले.

यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप नैतिक आहे. श्रीमंतांना पूर्ण मात्रा आणि गरिबांना अठरावा हिस्सा, ही विषमतेला दिलेली वैज्ञानिक मान्यता नाही का? शास्त्रीय आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. चाचणी एकाच संस्थेत झाली. अल्पमात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालीच नाही. आणि रक्तातल्या टी-पेशींवरचे ग्राही व्यापले गेले, म्हणून गाठीच्या आतल्या पेशींवरचेही तितकेच व्यापले असतील असं म्हणता येत नाही. हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही नैतिक आक्षेप उलटा पडतो. या चाचणीतल्या रुग्णांपुढे पूर्ण मात्रा आणि अल्पमात्रा असा पर्याय नव्हताच. अल्पमात्रा की निव्होलुमॅब नाहीच, असा होता. त्या दोहोंत अल्पमात्रा सरस, हे यादृच्छिक विभागणी केलेल्या चाचणीने दाखवलं आहे. शिवाय 'पूर्ण' मात्रा ही तरी कुठल्या पुराव्यावर पूर्ण ठरली? पीडी-१ रोखणाऱ्या औषधांच्या प्रचलित मात्रा सुरुवातीच्या चाचण्यांत सहन झालेल्या मात्रांमधून निवडल्या गेल्या. पुरेशी होईल अशी सर्वांत कमी मात्रा कोणती, हे आधी शोधून मग त्या ठरल्या असं झालेलं नाही. औषध विकणाऱ्या कंपनीला तो शोध घेण्याचं कारण नसतं. सार्वजनिक रुग्णालयांना असतं. अठरावा हिस्सा पुरतो असं उद्या सिद्ध झालं, तर पूर्ण मात्रेच्या नावाखाली जास्तीचं औषध घेणाऱ्यालाच प्रश्न विचारायचा अधिकार राहील. आणि पुरत नाही असं सिद्ध झालं, तर शासनाला पूर्ण मात्रेची जबाबदारी टाळता येणार नाही. दोन्ही बाजूंनी पुढची पायरी एकच : दोन्ही मात्रांची समोरासमोर तुलना, आणि तीही मुंबईबाहेरच्या रुग्णालयांना सोबत घेऊन.

एवढं सगळं मान्य केलं तरी बहुसंख्य रुग्णांना हे उपचार लागू का पडत नाहीत, हे उरतं. काही गाठींत टी-पेशी शिरलेल्याच नसतात. तिथे आवर काढून कुणाला मोकळं करणार? काही गाठींत टी-पेशी इतक्या थकलेल्या असतात, की पीडी-१ रोखूनही त्या उठत नाहीत. गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ किती आहे याची तपासणी केली जाते, आणि ती उपयोगी आहे, पण निर्णायक नाही : पीडी-एल१ दाबलं जातं, वाढतं, एकाच गाठीत जागोजाग वेगळं असतं, आणि ते कमी असलेल्या काही रुग्णांनाही फायदा होतो. हल्ल्याची प्रतिक्रिया म्हणून जे उमटतं, त्याच्या एका क्षणाच्या नोंदीवरून पुढचं सगळं ठरवता येत नाही. आवर घालण्याची व्यवस्थाही एकपदरी नाही. टी-पेशींमधल्याच नियामक टी-पेशी इतरांना थोपवून धरतात आणि त्यासाठी सीटीएलए-४ चाही वापर करतात. त्या पेशी ओळखून त्यांचं काम उलगडल्याबद्दल २०२५ चं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. अशा अनेक पदरांच्या व्यवस्थेत एकच पदर सोडवून प्रत्येक वेळी यश येईल, अशी अपेक्षा करणंच चूक.

यातून छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरासाठी निघणारे धडे बरेच व्यावहारिक आहेत. आवर सैल करणारं औषध द्यायचं, तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चौकशी हवी. उपचार चालू असताना थायरॉइडची, रक्तातल्या साखरेची, यकृताची तपासणी ठरावीक अंतराने व्हायला हवी, आणि ती रुग्णाच्या तालुक्यात व्हायला हवी. जुलाब लागलेला रुग्ण गावच्या डॉक्टरकडे गेला, तर ते जुलाब संसर्गाचे नसून अनावर झालेल्या टी-पेशींचे असू शकतात, आणि त्यांवर वेळीच स्टिरॉइड लागू शकतं, हे त्या डॉक्टरला माहीत हवं. औषध स्वस्त झालं आणि ही जाणकारी पोचली नाही, तर स्वस्ताईचा फायदा अर्धाच मिळेल. तंबाखू सोडवण्याचं काम या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं आहे, आणि कुठलाही ग्राही रोखून त्याची जागा भरून निघणार नाही. पण ज्याला आजार झालाच आहे, त्याच्यासाठी प्रश्न नीट मांडला गेला पाहिजे. त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती नाही असं नाही. ती गाठीपर्यंत पोचली आहे आणि थांबवली गेली आहे. तिला किती मोकळं करायचं, किती काळ, आणि मोकळं केल्यावर बाकीच्या शरीराला कसं सांभाळायचं, हे ठरवणं म्हणजे उपचार. प्रतिकारशक्ती वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या कुठल्याही वेष्टनावर या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर छापलेलं नसतं, आणि छापता येणारही नाही. ती उत्तरं रुग्णागणिक आणि पुराव्यानिशी शोधावी लागतात.